गोल्फचा भरकटलेला चेंडू: मार, उपचार, जाळी आणि पाखाडी

पाखाडी
ग्रामसभेपुढे येणाऱ्या विषयासाठी माहिती जमवतोय, म्हणून हा धागा. किनाऱ्यालगतच्या एका आवारात गोल्फचा सराव करायची पट्टी, म्हणजे ड्रायव्हिंग रेंज, आखली आहे. मारणारे दक्षिण टोकाला, तोंड उत्तरेला, लांबी १८० मीटर. डाव्या अंगाला सुरूचं बन आणि पुळण (वाळूचा किनारा). उजव्या अंगाला ४५ मीटरवर जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्याला चिकटून वाडीची पाखाडी. शाळेची पोरं, मासळीवाल्या, देवळात जाणारी म्हातारी माणसं, सगळ्यांचा रस्ता तोच. आराखड्यात उत्तरेच्या टोकाला जाळी दाखवली आहे, बाजूला काहीच नाही.

चेंडू लागलाच तर जागेवर काय करायचं, जाळी कुठे आणि कशी हवी, आणि जबाबदारी कोणाची, हे नीट कळलं पाहिजे. "एवढासा तो चेंडू, त्याने काय होतंय" हे वाक्य सभेत येणार हे गृहीत धरून लिहा.

खारावारा
टोकाची जाळी हवीच. हौशी खेळाडूचा ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारणाऱ्या काठीचा) फटका २०० मीटरच्या आसपास जातो, तुमची पट्टी १८०. पण पाखाडीचा धोका टोकाला नाही, उजव्या बाजूला आहे.

उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू चुकला की बहुतेक वेळा उजवीकडेच जातो. यात दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात, कारण दोन्हींवरचा इलाज वेगळा.

पहिली स्लाइस. फटका बसताना क्लबचं, म्हणजे मारायच्या काठीचं, तोंड किंचित उघडं राहतं, चेंडूला तिरकी फिरकी बसते. निघताना तो सरळ, कधी तर थोडा डावीकडेच निघतो, आणि अर्धं अंतर गेल्यावर उजवीकडे वळत जातो. उंच असतो, हवेत बराच वेळ असतो.

दुसरी शँक. चेंडू पात्यावर न बसता दांडा जिथे पात्यात शिरतो त्या गाठीवर बसतो. मग तो खालून, सरळ रेषेत, एकदम तिरका उजवीकडे सुटतो. वेग उतरायला वेळच मिळत नाही. टी म्हणजे चेंडू मारायची जागा, तिच्याजवळच्या पाखाडीच्या तुकड्यावर भीती याची.

हिशेब करा: १८० मीटरवर ४५ मीटर उजवीकडे म्हणजे सरळ रेषेपासून फक्त १४ अंश. नवशिक्याच्या हातून १४ अंश ही काही मोठी चूक नव्हे.

आणि वारा. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो, तुमची पश्चिम डावीकडे. म्हणजे स्लाइस ढकलते उजवीकडे आणि वाराही ढकलतो उजवीकडे. पहाटेचा मतलई वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे. त्याच पट्टीवर सकाळी सातला जो चेंडू आवारात पडेल, तोच दुपारी तीनला गडग्यापार जाईल. आराखडा करणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा की दिशा ठरवताना वारा कुठला धरला.

माडाबुडचो
आमच्याकडे नारळ पडतत डोक्यार, त्येका कोण जाळी बांधता? येक किलो-दीड किलोचो नारळ खय आणि ह्यो लिंबायेवढो चेंडू खय!

जांभादगड
माडाबुडचो, लिंबाएवढा हे बरोबर. नियमाप्रमाणे व्यास ४२.६७ मिमीपेक्षा कमी चालत नाही आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. क्रिकेटचा सीझन बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅम, म्हणजे साडेतीन पट जड.

आता ऊर्जा बघू. दीड किलोचा नारळ १५ मीटरवरून सुटला तर खाली येईपर्यंत वेग सेकंदाला साधारण १७ मीटर, ऊर्जा सुमारे २२० ज्यूल. गोल्फचा चेंडू हौशी माणसाच्या ड्रायव्हरवरून निघतो तेव्हा सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१६ किमी, ऊर्जा सुमारे ८३ ज्यूल. लांब जाऊन खाली पडताना वेग निम्म्यावर येतो आणि ऊर्जा चौथाईवर, साधारण २० ज्यूल. नारळ जिंकला.

फरक दोन गोष्टींचा. नारळ माडाच्या बुंध्याभोवतीच पडतो, म्हणून माडाखाली कोणी खाट टाकत नाही. चेंडूची जागा ठरलेली नसते. दुसरं, ते २० किंवा ८३ ज्यूल रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर उतरतात. चेंडू आतून घट्ट रबर, वरून कडक कवच. दबतो तो क्लबच्या माऱ्याखाली, तुमच्या कवटीला तो जवळजवळ दगडच. त्यात तो गडग्यावर आपटला तर जांभ्याच्या भोकाभोकांच्या पृष्ठभागावरून कुठल्या कोनात उडेल त्याचा भरवसा नाही. गडगा म्हणजे आडोसा, हे गृहीत धरू नका. गडग्याच्या आतल्या तोंडावर आपटलेला परत आत जातो, वरच्या कडेला घासलेला पाखाडीवर येतो.

टाकेवाला
उपचाराचं लिहितो. लांब होईल.

कातडीवर काय दिसतं ते आधी. पाठीवर, मांडीवर लागला की मधे पांढुरका गोल आणि भोवती लाल कडी उमटते, कधी कधी चेंडूच्या खळग्यांची नक्षीसुद्धा. मधली जागा पांढरी म्हणजे तिथे लागलं नाही असं नव्हे. तिथलं रक्त दाबाने बाजूला ढकललं जातं आणि कडेच्या केशवाहिन्या फुटतात. दुसऱ्या दिवशी जांभळं, मग हिरवट, पिवळं, दोन आठवड्यांत जातं.

साधा मुका मार असेल तर बर्फ, पण कापडातून, १५-२० मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. जेट्टीवरचा मासळीचा बर्फ चालेल, मात्र आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग कापडात. उघड्या जखमेला तो लावू नये. टपरीवरच्या गोठवलेल्या पेप्सीकोल्याच्या नळ्या याला फार सोयीच्या, चार-पाच एकत्र रुमालात गुंडाळल्या की मांडीवर बरोबर बसतात. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक नाही, तेल चोळणं नाही. मांडीच्या स्नायूत साकळलेलं रक्त चोळून पसरवलं तर पुढे काही आठवड्यांत त्या स्नायूत हाडासारखी गाठ धरू शकते, आणि मग गुडघा पूर्ण वाकत नाही. बोट, मनगट, कोपर सुजून वाकडं दिसलं तर फळीला बांधा आणि एक्स-रे काढा. ओढून बसवणाऱ्याकडे आधी नेऊ नका.

डोकं. टाळूला रक्ताचा पुरवठा भरपूर, त्यामुळे लहान जखमेतूनही शर्ट भिजतो. स्वच्छ कापडाची घडी ठेवून दहा मिनिटं सलग दाबा. मधे मधे उचलून "थांबलं का" बघितलं की धरलेली गुठळी निघते. दाबताना हाड आत गेल्यासारखं लागलं तर थेट दाब नाही, कडेने कापड गुंडाळून हलकं बांधा. हळद, चहा पावडर, चुना, काहीही भरू नका. टाके घालणाऱ्याला अर्धा तास ते धुण्यातच जातो.

सगळ्यात फसवी जागा कानशील. तिथे हाड पातळ आणि आतून धमनी जाते. माणूस क्षणभर गरगरतो, मग उठून बसतो, बोलतो, चहा पितो, घरी चालत जातो. दोन-चार तासांनी डोकं फुटायला लागतं, झोप येते, उलट्या. आत हाडाखाली रक्त साठत असतं. म्हणून "आता बरा आहे" यावर कानशिलाचा मार सोडायचा नाही.

ताबडतोब सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी न्यायची लक्षणं: थोडा वेळ का होईना शुद्ध हरपणं, पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एका डोळ्याची बाहुली मोठी, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं येणं, झटका, एका बाजूचा हातपाय ढिला, बोलणं असंबद्ध. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा वय जास्त असेल तर लक्षण नसलं तरी न्या. बाकीच्यांजवळ २४ तास कोणीतरी हवं. झोपू द्यायचं, पण दर दोन-तीन तासांनी उठवून नाव-गाव विचारायचं. दुखण्यावर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढतो.

डोळा. हाडाची डोळ्याची खोबण साधारण ४० मिमी रुंद, ३५ मिमी उंच. सीझन बॉल ७२ मिमीचा, तो बराचसा भुवई आणि गालाच्या हाडावर अडतो. गोल्फचा चेंडू ४३ मिमीचा, थेट बुबुळापर्यंत दाब देतो. त्यामुळे या चेंडूने डोळा फुटण्याची भीती फार. पापणी सुजली म्हणून बोटांनी उघडून बघू नका. पाणी मारू नका, थेंब घालू नका, बर्फ दाबू नका. चहाचा कागदी कप हाडाच्या कडेवर टेकेल असा ठेवून चिकटपट्टीने चिकटवा, आत डोळ्याला काही लागता कामा नये. डोकं उंच ठेवून अर्धवट बसवून न्या. खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. आणि पहिल्या दिवशी नीट दिसलं तरी डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्या. नंतर चमका, काळे ठिपके किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर पडदा सुटत असतो. डोळ्याचा दाब तर वर्षांनंतरही वाढू शकतो.

छाती. बरगडीवर लागलं, श्वास घेताना टोचतंय, तर एक्स-रे. क्वचित, विशेषतः शाळकरी मुलांत, हृदयाच्या बरोबर वर नेमक्या क्षणी बसलेला साधा माराही ठोके बिघडवतो आणि मूल जागच्या जागी कोसळतं. श्वास नाही, हालचाल नाही, तर लगेच छाती दाबायला सुरुवात: मधोमध, मोठ्यांत ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्याने १०८ लावायचा. तोंडावर पाणी मारण्यात वेळ घालवू नका.

सीटी जिल्हा रुग्णालयात मिळतो: अलिबाग, रत्नागिरी, ओरोस. सावंतवाडीकडचे लोक गोव्यात बांबोळीला जातात. निघण्याआधी फोन करून यंत्र चालू आहे का ते विचारा, नाहीतर घाटरस्त्यावर दोन तास फुकट.

दंतकथा
टाकेवाल्यांनी दात सोडले, ते मी घेतो.

आख्खा दात मुळासकट पडला तर मुळाला हात लावायचा नाही, वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं. माती लागली असेल तर दुधात बुडवून किंवा वाहत्या पाण्याखाली दहा सेकंद, घासायचा नाही. मुळावरचा ओलसर पापुद्रा जिवंत असला तरच दात पुन्हा धरतो. पक्का दात असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर आहे त्या भोकात सरळ बसवा, रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर थंड दुधात ठेवून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्याकडे. दूध नसेल तर त्याच माणसाची लाळ एका वाटीत. कागदात सुका गुंडाळून आणलेला दात बसवला तरी टिकत नाही. दुधाचा दात पुन्हा बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो: शहाळ्याचं पाणी. त्यावर अभ्यास झाले आहेत, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते पाणी आंबट बाजूला झुकतं. दूध मिळत असेल तर दूधच.

पागोळी
टाकेवाला आणि दंतकथा, वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं. खेळणारे "फोर" म्हणून ओरडतात ना? पाखाडीवरच्या मासळीवालीला ते कसं कळावं? तिला वाटेल कोणी षटकार-चौकार मोजतंय.

खारावारा
पागोळी, अगदी खरं. "फोर" ही गोल्फची जुनी इशारत, अर्थ "पुढच्यांनो, सांभाळा". ती वाडीत शिकवावी लागेल, नाहीतर रेंजवाल्यांना "चेंडू! खाली बसा!" असं मराठीत ओरडायला लावा. ही अट लिहून घ्या, फुकट आहे आणि उपयोगाची आहे.

वेळ किती मिळतो? उंच स्लाइस हवेत पाचेक सेकंद असते. १५० मीटरवर आवाज अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. म्हणजे ओरडणारा लगेच ओरडला तर चार सेकंद हातात राहतात. पुष्कळ आहेत, पण माणसं ते वर बघण्यात घालवतात. "कुठून आला?" म्हणून मान वर केली की डोळे, दात, नाक सगळं चेंडूपुढे. टाकेवाल्यांनी खोबणीचं माप दिलंच आहे.

करायचं ते असं: आवाजाकडे पाठ, गुडघ्यात वाकून हनुवटी छातीला, दोन्ही हातांनी डोक्याला मिठी, कोपरं कानशिलांवर. कडेवर मूल असेल तर ते पोटाशी आणि त्याच्यावर ओणवं. मासळीची टोपली डोक्यावर असेल तर तशीच धरून खाली बसा, ॲल्युमिनियमचं घमेलं याहून चांगलं शिरस्त्राण काय! पळायचं नाही. चेंडू कुठे पडणार हे माहीत नसताना पळणं म्हणजे त्याच्या खाली जाण्याचीही तेवढीच शक्यता.

शँकच्या बाबतीत हे सगळं फोल. ४५ मीटरवर तो सेकंद-दीड सेकंदात पोचतो. त्याला फक्त जाळी.

रापण
जाळीवर या. बहुतेक घोळ आसाच्या, म्हणजे जाळीच्या भोकाच्या, मापात होतो. आपण जाळं ताणून गाठ ते गाठ मोजतो. खेळाची जाळी विकणारे चौकटीची एक बाजू सांगतात. म्हणजे आपल्या बाजारातलं ५० मिमीचं जाळं ताणलेलं ५०, चौकटीची बाजू २५. चेंडू अडतो. पण क्रीडासाहित्यवाल्याकडून ५० मिमीचं आणलंत तर बाजूच ५० मिमी, आणि ४२.६७ मिमीचा चेंडू आरपार. मागणी लिहिताना "चौकटीची बाजू २५ मिमी" असं लिहा आणि माल उतरवून घेताना खिशातला चेंडू प्रत्यक्ष आसातून ढकलून बघा. अंगठ्याने जोर देऊनही जाता कामा नये.

तंगूसाचं (एकेरी नायलॉन धाग्याचं) जाळं घेऊ नका. स्वस्त पडतं, पण एक धागा तुटला की आस उसवत जातो, आणि वटवाघळं, घुबडं त्यात अडकतात. जाडसर एचडीपीई प्लास्टिकचा पिळाचा दोरा बरा: पाणी धरत नाही, खाऱ्या हवेला टिकतो. नायलॉन ताकदीला चांगलं, पण ओलं झालं की लांबतं, झोळ पडतो, आणि उन्हाने लवकर कुजतं. ट्रॉलरचं जुनं जाळं आणून बांधायची कल्पना कोणीतरी काढेलच. गाठी झिजलेल्या असतात. वरून धड दिसतं, चेंडू बसला की गाठ सरकते.

ताणून बांधू नका. ताठ जाळी चेंडू परत फेकते आणि मारणाऱ्यालाच लागतो. थोडी सैल, खाली हातभर जादा ठेवून आतल्या बाजूला दुमडलेली, म्हणजे घरंगळलेला चेंडू खालून सुटत नाही. टांगताना आस चौकोनी उभा राहील असं टांगा. शंकरपाळीसारखा टांगला की जाळी वजनाने खाली ओढली जाते, रुंदी आखडते.

वरची तार लोखंडी नको, दोन पावसांत गंजून जाळी कापते. दोर घाला. खांब गॅल्व्हनाइज्ड घेतले तरी गंजतात ते जमिनीलगत, वीतभर वर आणि वीतभर खाली. तिथे काँक्रीटची गळपट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, पाणी साचता कामा नये.

आणि कप्पी बसवा. जाळी खालीवर करता आली पाहिजे. वाऱ्यात ओल्या जाळीवर केवढा दाब येतो ते शीड माहीत असलेल्याला सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. दोन्ही पावसाच्या तोंडावर. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून हवामान खात्याच्या सूचनेवर लक्ष ठेवून जाळी उतरवायची, आणि जाळी उतरलेली असेल तेव्हा रेंज बंद. दुसरा भाग आधीच लिहून घ्या, कारण पहिला करतात आणि दुसरा विसरतात.

वर्षातून एकदा दोरा दोन बोटांत मुरगळून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली आणि झटक्यात तुटला तर ती जाळी नुसती शोभेला आहे.

पाखाडी
रापण, आसाच्या मापाचं सोनं दिलंत. उंची किती धरू? आराखड्यात ८ मीटर आहे.

जांभादगड
उंची एकटी विचारू नका, अंतर किती तेही सांगा. ड्रायव्हरचा चेंडू १०-१५ अंशांत निघतो, वेजचा (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीचा) ३० आणि वर. १५ अंशाचा चेंडू २० मीटरवर ५.४ मीटर उंच, ६० मीटरवर १६ मीटर. ३० अंशाचा २० मीटरवर साडेअकरा, ६० मीटरवर ३४ मीटर (सरळ रेषेने, गुरुत्वाने थोडं कमी). म्हणजे ८ मीटरची जाळी गडग्यावर उभी केली तर बहुतेक चेंडू तिच्या डोक्यावरून हसत जातील. तीच जाळी शेवटच्या खणापासून (खण म्हणजे एका मारणाऱ्याची जागा) ५-६ मीटरवर, खणाच्या उजव्या अंगाला पुढे १५-२० मीटरपर्यंत नेली तर शँक सगळे पकडते.

स्लाइस मात्र ती पकडत नाही. स्लाइस जाळीच्या पुढून निघून जाते आणि मग वळते. म्हणून कितीही जाळी लावली तरी उजवी बाजू पूर्ण बंद होत नाही. त्यावर उपाय जाळीचा नाही, आखणीचा: टीच्या रांगा १२ अंश डावीकडे फिरवा. १८० मीटरवर रोख ३८ मीटर समुद्राच्या बाजूला सरकतो. पाखाडीपासूनचं अंतर ४५ चं ८३ झालं.

खारावारा
+१. फक्त डावीकडे पुळणीवर माणसं असतात हे विसरू नका, सुट्टीच्या दिवशी तर फारच. सुरूच्या बनाची रुंदी मोजून मगच १२ अंश ठरवा. शिवाय ड्रायव्हर बंद, फक्त आयर्न (कमी पल्ल्याच्या, धातूच्या पात्याच्या काठ्या), आणि मुद्दाम कमी पल्ल्याचे बनवलेले सरावाचे चेंडू. ७ नंबरचं आयर्न हौशी माणसाच्या हातून १३०-१४० मीटर. या तीन गोष्टींनी जेवढं काम होतं तेवढं दहा मीटर जादा जाळीने होत नाही. उजवीकडचे शेवटचे दोन खण रिकामे ठेवले तर आणखी बरं. मालक कुरकुरतील.

पुढची_तारीख
जबाबदारीचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. निष्काळजी कृतीने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर कलम १२५: नुसता धोका असेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, दुखापत झाली तर ६ महिने किंवा ५,०००, गंभीर दुखापत झाली तर ३ वर्षं किंवा १०,०००, किंवा कैद आणि दंड दोन्ही. गंभीर म्हणजे काय ते कलम ११६ मध्ये आहे: हाड किंवा दात मोडणं-निखळणं, डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, १५ दिवस तीव्र वेदना वगैरे. म्हणजे दंतकथांचा तो एक दातही गंभीर दुखापतीत मोडतो. म्हणून दवाखान्यात "पडलो" असं सांगू नका. चेंडू लागला असं सांगा, वैद्यकीय-कायदेशीर नोंद होऊ द्या.

चेंडू जपून ठेवा, धुऊ नका. त्यावरचा छाप, आकडा, रेंजचा पट्टा किंवा खेळाडूने पेनाने केलेली खूण हाच पुरावा. पडला तिथेच शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, मग पिशवीत. पोरं असे चेंडू गोळा करून विकतात, त्यांना आधी समजवा.

भरपाईचा मुद्दा वेगळा, तो दिवाणी. इथे इंग्लंडचे दोन जुने निकाल नेहमी समोर ठेवले जातात. आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण विचार समजतो. १९२२ च्या निकालात गोल्फ मैदानालगतच्या रस्त्यावर टॅक्सीच्या काचेवर चेंडू आला, चालकाचा डोळा गेला. त्या टीवरून चेंडू रस्त्यावर येतच असत, म्हणून क्लब सार्वजनिक उपद्रवाला जबाबदार ठरला. १९५१ च्या निकालात क्रिकेटचा चेंडू मैदानाबाहेर उभ्या बाईला लागला, पण साधारण तीस वर्षांत चेंडू सहाएक वेळाच बाहेर गेला होता, म्हणून क्लब सुटला. दोन्हींत तोललं गेलं ते एकच: चेंडू बाहेर किती वेळा येतो आणि चालवणाऱ्याला ते माहीत होतं का.

म्हणून आजपासून वही घाला. गडग्यापलीकडे सापडलेला प्रत्येक चेंडू: तारीख, वेळ, जागा, फोटो. महिन्याने त्याची प्रत रेंजला पत्रासोबत द्या, पोच घ्या. पोच मिळाली की "आम्हाला कल्पना नव्हती" हे दार बंद. तरी ऐकलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा अर्ज, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३. गावनकाशात पाखाडीची तुटक रेघ आहे का ते आधी भूमी अभिलेखातून काढून ठेवा, नाहीतर पहिलाच युक्तिवाद "ती वाट खासगी" असा येतो.

पागोळी
१९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे ना? तो त्यांना सक्तीचा असेल.

पुढची_तारीख
नाही ताई. तो कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी, भोपाळनंतरचा. नावामुळे गल्लत होते. गोल्फ रेंजला त्याखाली सक्ती नाही. त्रयस्थ व्यक्तीच्या दुखापतीचा वेगळा विमा मिळतो, खेळाडूंचाही असतो. सक्ती नाही म्हणूनच ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीत अट घालायची आणि दरवर्षी पॉलिसीची प्रत मागायची.

रापण
थोडं अवांतर. गडग्याबाहेर गवतात पडलेले चेंडू पावसात झाकले जातात आणि सप्टेंबरात ग्रास कटर फिरवताना पात्याला लागून उडतात. मारणारा लांबच, चेंडू मात्र मजुराच्या नडगीत किंवा डोळ्यात. बागायतदारांनी आधी दाताळ्याने चाळून मगच कटर घालायचा, आणि जाळीचा चष्मा, नडगीचं कवच असल्याशिवाय माणूस उभा करायचा नाही. दुसरं, पोरं चेंडू कापून बघतात. जुन्या काही चेंडूंत मधे दाबाखालचा द्रव असायचा, तो थेट डोळ्यात उडतो. आजचे आतून घन रबराचे, पण सापडलेला चेंडू कुठल्या काळातला ते पोरांना काय कळणार.

माडाबुडचो
ह्या सगळा बरा आसा. पण माझो येक प्रश्न ऱ्हवलो. पाडेली माडार चढलेलो आसताना तुमचो तो 'फोर' इलो तर तेना काय करूचा? डोक्याक मिठी मारतलो तर माड सोडतलो!

खारावारा
माडाबुडचो, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. १५ मीटर उंचीवर माणूस म्हणजे चेंडूच्या वाटेतच, वाकता येत नाही, हात सोडता येत नाहीत. मार लहान असला तरी दचकून हात सुटला की पुढचं बोलायला नको. त्याने करण्यासारखं एकच: खोडाची पलीकडची बाजू, तोंड खोडाला चिकटवून. पण ते ऐनवेळी जमत नाही.

त्याला उत्तर वेळापत्रक. रेंजपासून २५० मीटरच्या आत ज्यांचे माड आहेत त्यांनी पाडपाच्या (नारळ काढायच्या) दिवसाची रेंजला आदल्या दिवशी खबर द्यायची आणि तेवढा वेळ रेंज बंद. टीजवळ आणि गडग्यावर असे दोन लाल बावटे ठेवा. पाडेली चढायच्या आधी गडग्यावरचा बावटा वर, तो दिसला की टीवरचा वर, आणि टीवरचा बघितल्याशिवाय पाडेलीने पहिल्या खाचेत पाय ठेवायचा नाही.

पाखाडी
बावट्याची अट टाकली. आंबे काढणीलाही तीच लावतो, झेला घेऊन वर बघत उभा असलेला माणूस तर अजून वाईट. मसुदा तयार झाला की इथेच टाकतो. रापण, आसाचं वाक्य तुमच्याच शब्दांत घेतलंय.

रापण
घ्या. फक्त "२५ मिमी" च्या आधी "चौकटीची बाजू" हे दोन शब्द टायपिस्टने गाळले नाहीत ना, ते सही करण्याआधी बघा.